नऊ टनांची पिकअप

फेब्रुवारीतली गोष्ट, द्राक्षांचा सीझन ऐन भरात. सकाळी साडेआठला निफाडकडच्या एका बागायतदार काकांचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "भाऊ, एका पिकअपमध्ये नऊ टन माल बसतो का?"

मी सातपूरला बसून एका पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर सांभाळतो. क्रेट काट्यावर चढतात, वजन सेव्ह होतं, माल प्रीकूलिंगला जातो. पहाटे तोडलेली द्राक्षं काही तासांत चार अंशांच्या आसपास आणायची असतात, त्यामुळे काट्यापाशी थांबायला कुणाला वेळ नसतो. पूर्वी आमचा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी काट्याच्या सर्व्हरला विचारायचा, नवं वजन आलं का? दिवसाला २८८ वेळा, सीझन नसला तरी. आणि पावतीसाठी शेतकरी ताटकळायचे ते वेगळंच. म्हणून मी वेबहुक लावला. वजन सेव्ह झालं की काट्याचं सॉफ्टवेअरच आम्हाला कळवणार, त्या ट्रिगरवर पावतीची पीडीएफ बनणार, हिशेबात एन्ट्री पडणार, शेतकऱ्याला व्हॉट्सॲप जाणार. आठवडाभर झकास चाललं. मी जरा फुशारलोही होतो.

काकांनी स्क्रीनशॉट धाडला. पाच मेसेज, प्रत्येकात १,८४० किलो. शेवटच्यात "आजचा एकूण माल ९,२०० किलो".

लॉग उघडला आणि डोक्यावर हात मारला. काट्याचं सॉफ्टवेअर निरोप पाठवून दहा सेकंद उत्तराची वाट बघतं. मी मात्र पीडीएफ, एन्ट्री, मेसेज सगळं उरकून मग "मिळालं" म्हणत होतो. त्या दिवशी गर्दीत पीडीएफ रखडली, उत्तराला बारा-तेरा सेकंद लागले. पलीकडे वाटलं, निरोप पोचलाच नाही. पुन्हा पाठवला. असा एकूण चार वेळा. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. हरवण्यापेक्षा दोनदा गेलेला बरा, याच हिशेबाने बरेच वेबहुक निरोप पुन्हा धाडतात. हे मला तोंडपाठ होतं, तरी कोडमध्ये उतरलं नव्हतं.

हिशेबनीस म्हणाले, "सर, त्याच शेतकऱ्याचं तेच वजन आलं की टाकून द्या ना." मोह झाला. पण क्रेट साधारण सारखेच भरतात, दोन खेपांचं वजन किलोला किलो जुळू शकतं. मग खरी खेप बुडायची. प्रत्येक निरोपाला आयडी असतो, तो पुन्हा धाडला तरी बदलत नाही, तोच धरला. आयडी आधी आलाय का हे कोडमध्ये तपासलं, तर चाचणीत एकाच क्षणी आलेल्या दोन प्रतींना "नाही आला" असंच उत्तर मिळालं, दोन्ही आत. शेवटी डेटाबेसलाच बजावलं, हा आयडी दुसऱ्यांदा घ्यायचा नाही. आता निरोप आला की नोंद करायची, लगेच "मिळालं" म्हणायचं, बाकीचं काम रांगेत.

राहिला प्रश्न सकाळच्या डबल एन्ट्र्यांचा. काटेवाल्याकडे कार्बन घातलेली पावतीवही होती. सॉफ्टवेअर लावलं तेव्हा मीच त्याला म्हणालो होतो, आता ही कशाला? त्याने ऐकलं नव्हतं. संध्याकाळी तो एकेक पान उलटून वाचत गेला, मी जादा एन्ट्र्या रद्द करत गेलो. काकांच्या नावावर एकच पावती होती: ९२ क्रेट, १,८४०.