खसखशीचं तेल आणि बिनफोडणीचं वरण

धाकट्याने खोकून काढलेली ती वस्तू मी हळदीच्या रिकाम्या डबीत घातली. पांढुरकी, रबरासारखी, आणि आकार थेट पानगळ झालेल्या झाडाचा: खोड, फांद्या, डहाळ्या. श्वासनलिकेचा साचाच तो. चार महिने आम्ही दमा समजून पंप देत होतो. डबी उघडल्यावर मात्र आमच्या डॉक्टरीणबाई गप्प झाल्या, आणि आम्ही फिलाडेल्फियाच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलात पोचलो.

पोराच्या हृदयाला कामाचा कप्पा एकच. तीन वर्षांचा असताना त्याचं फॉन्टान ऑपरेशन झालं. फ्रान्समधल्या बोर्दोचे सर्जन फ्रान्सिस फॉन्टान यांनी ते पहिल्यांदा १९६८ साली केलं. यात अशुद्ध रक्त हृदयाला वळसा घालून थेट फुप्फुसांत जातं. मागे पंप नाही, म्हणून शिरांमधला दाब कायम चढा. त्यापायी यकृतात लिम्फ, म्हणजे पेशींभोवती झिरपून आपल्या वेगळ्या नळ्यांतून रक्तात परतणारं पाणी, जास्त तयार होतं, आणि मानेजवळच्या ज्या शिरेत ते रिकामं व्हायचं तिथेही दाबच. मग वाट फुटेल तिकडे ते झिरपतं. आमच्याकडे फुप्फुसात, आणि तिथे घट्ट होऊन डबीतल्यासारखा साचा बनतो; काही मुलांच्या आतड्यात, आणि मग अंगातली प्रथिनं शौचावाटे जातात.

खाल्लेली चरबी लिम्फमधूनच वाहते, म्हणून तेल-तूप बंद. चालतं ते फक्त एमसीटी तेल, म्हणजे मध्यम लांबीच्या साखळ्यांच्या चरबीचं, कारण ते बरंचसं सरळ रक्तात जातं. पण ते मोहरी तडतडायच्या आधीच धुरावतं. वरण म्हणजे नुसती उकडलेली डाळ. पोरगं ताट सरकवून द्यायचं.

सांगलीहून सासूबाईंचा फोन आला. "पुन्हा छाती उघडणार का गं त्याची?"

"नाही आई, सुयांवर भागणार आहे."

आधी जांघेतल्या लिम्फच्या गाठींत बारीक सुया घालून रंगद्रव्य सोडलं आणि एमआरआय काढला. पडद्यावर ते वर चढताना दिसलं, आणि मानेकडे जायचं सोडून फुप्फुसात पसरलं. मग पोटातून सुई, तिच्यातून केसासारखी तार, तिच्यावरून नळी, आणि लिम्फनळीच्या गळक्या फांद्या वैद्यकीय डिंकाने बंद. छातीतली लिम्फनळी अशी सुईने बुजवण्याची युक्ती शेजारच्याच पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कॉन्स्टँटिन कोप यांची, नव्वदच्या दशकातली. योआव्ह डोरी आणि मॅक्सिम इटकिन या डॉक्टरांनी ती या मुलांसाठी पुढे नेली. त्यांच्या २०१६ च्या अहवालात १७ पैकी १५ रुग्णांना चांगला गुण आला होता. उरलेल्या दोघांचा विचार मी त्या बाकावर बसून फार केला. शिवाय हा डिंक किंवा त्यात मिसळलेलं तेल भलतीकडे, मेंदूकडे जाऊ शकतं, हेही सही घेण्याआधी स्पष्ट सांगितलं होतं.

संध्याकाळी पोराच्या अंगावर फक्त दोन-चार चिकटपट्ट्या होत्या. नवा टाका एकही नाही.

रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं. डिंकात मिसळतात ते लिपिओडॉल म्हणजे आयोडीन घातलेलं खसखशीचं तेल, हेही.

"अनारशावरची खसखस?"

"तीच."

"म्हणजे पोटात सुई घालून तेल सोडलेलं चालतं," त्या म्हणाल्या, "आणि माझी चमचाभर फोडणी चालत नाही होय?"