ओळीत 1 नव्हता, तरी पहिलीच आवृत्ती

जुनी हार्डकव्हर पुस्तकं विकायला काढणार असाल, तर प्रत्येक प्रकाशकाची पहिली आवृत्ती ओळखायची खूण आधीच शोधून ठेवा, आणि तिचा पुरावाही. माझी विक्री एका आकड्यावर अडली होती. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

इथे न्यू जर्सीत लायब्ररीच्या सेलमधून जमवलेल्या अमेरिकन कादंबऱ्या मी लिलाव करणाऱ्या एका कंपनीकडे दिल्या. फोटो, फॉर्म, पार्सल सगळं सुरळीत झालं. मग मेल आला, की रँडम हाऊस या प्रकाशकाची नव्वदच्या दशकातली कादंबरी 'पुनर्मुद्रण' म्हणून नोंदवली आहे. कारण कॉपीराइटच्या पानावर तळाशी 2 4 6 8 9 7 5 3 अशी ओळ आहे, त्यात 1 नाही.

एरवी नियम तोच आहे. ओळीतला सगळ्यात लहान आकडा म्हणजे कितवं मुद्रण ते; पुन्हा छापताना लहान आकडा काढून टाकतात. पण रँडम हाऊसची रीत तेव्हा वेगळी होती. पहिल्या मुद्रणात ओळ 2 पासूनच असायची आणि सोबत 'फर्स्ट एडिशन' हे शब्द. दुसऱ्या मुद्रणाला नुसते शब्द काढले, की उरलेला 2 बरोबर बसायचा. माझ्या प्रतीत ते दोन्ही शब्द ओळीला लागूनच, स्वच्छ छापलेले होते.

हे मी लिहून कळवलं. उत्तर आलं, "फॉर्ममध्ये 1 आवश्यक आहे." शब्दांभोवती लाल चौकट काढून फोटो पाठवला, तर पुन्हा तेच वाक्य. फोन केला, तर पलीकडचा माणूस अगदी नम्रपणे तोच फॉर्म मला वाचून दाखवू लागला. पुस्तकांचा धंदा करणाऱ्यांनी कॉपीराइटचं पान नीट वाचू नये, याची मला चीड आली. किंमत कित्येक पटींनी बदलते हो!

शेवटी लायब्ररीतून त्याच कादंबरीचं दुसरं मुद्रण मिळवलं. ओळ तीच, शब्द गायब. दोन्ही पानं शेजारी ठेवून फोटो काढला आणि पहिल्या आवृत्त्या कशा ओळखायच्या यावरच्या बिल मॅकब्राइड यांच्या खिशात मावणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिकेतली रँडम हाऊसची नोंद जोडली. "हे तुमच्या पुस्तकतज्ज्ञालाच दाखवा," असं ठणकावून लिहिलं. तेव्हा कुठे नोंद बदलली. त्या दिवशी मी घरी सगळ्यांना ते दोन फोटो दाखवत होते!

बाकीच्या प्रतींना काहीच त्रास झाला नाही. स्क्रिब्नर या प्रकाशकाच्या 1930 नंतरच्या पुस्तकांत पहिल्या आवृत्तीची खूण म्हणून कॉपीराइटच्या पानावर 'A' शोधायचा, तो पुढे कित्येक दशकं वापरात होता.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: सगळ्यात आधी जॅकेट, म्हणजे पुस्तकावरचं सुटं कागदी वेष्टन, बघा. आतल्या घडीवर किंमतच छापलेली नसेल, तर बुक क्लबची, म्हणजे क्लबच्या सभासदांसाठी वेगळी छापलेली, प्रत असण्याची शक्यता मोठी. मग मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट फिरवा. तिथे बारीक दाबलेला ठिपका किंवा चौकोन लागला, तर ती बुक क्लबचीच. जॅकेटच्या घडीचा कोपरा कापलेला असेल तर किंमत होती की नव्हती ते कळत नाही, म्हणून तिथेही पुठ्ठा तपासाच. जॅकेट फाटलं असेल तरी चिकटपट्टी लावू नका, मायलार या पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर घाला.