सेंट्रल पार्क, सकाळी नऊच्या आत

नऊला पाच मिनिटं असताना सीडर हिलच्या उतारावर हाका सुरू झाल्या. लॅब्रॅडॉर, पूडल, चिखलानं माखलेली एक टेरियर, सगळी आपापल्या माणसाकडे धावली, पट्ट्यांना लीशच्या कड्या अडकल्या आणि नऊच्या ठोक्याला अख्खा उतार बांधलेला होता. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी पहारेकरी आला नाही. न्यूयॉर्कमधले बाकीचे तीन दिवस गर्दीत गेले. लक्षात राहिली ती ही पाच मिनिटं.

८४३ एकरांच्या या बागेत कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली वेगळी जागा नाहीच. सगळी व्यवस्था घड्याळावर चालते. सकाळी ६ ते ९ आणि रात्री ९ ते १, म्हणजे बाग बंद होईपर्यंत, ठरावीक भागांत कुत्रं मोकळं सोडता येतं. एरवी लीश हवीच, आणि तीही ६ फुटांपर्यंतच. लांब सुटत जाणारी गुंडाळीची लीश इथे आणूच नये. बागेतल्या रस्त्यांवर २०१८ पासून मोटारी बंद आहेत, पण सायकली भरधाव येतात आणि ती बारीक दोरी त्यांना दिसत नाही. शीप मेडो ही मोठी हिरवळ आणि मुलांच्या खेळाच्या जागा कुत्र्यांना कायम बंद. रॅम्बलच्या झाडीत आणि ब्रायडल पाथ या घोडेस्वारीच्या वाटेवर नेता येतं, पण पहाटेसुद्धा बांधूनच. रॅम्बलमध्ये स्थलांतर करणारे पक्षी उतरतात, त्यामुळे हा नियम मला अगदी रास्त वाटतो.

कुंपण नाही, म्हणून सगळी भिस्त हाकेवर. खार दिसली की कुत्रं रस्त्याकडे सुसाट सुटतं. पहिल्या हाकेला न परतणारं कुत्रं इथे सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. परवान्याचा बिल्ला पट्ट्याला हवा, रेबीजच्या लशीचा पुरावा जवळ हवा. उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लसही घेतलेली बरी. उन्हाळ्यात तळ्यांवर निळी-हिरवी शेवाळी चढते. ते पाणी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं, तेव्हा पिण्याचं पाणी घरूनच न्यावं. हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ पंजांच्या भेगांत शिरून आग होते आणि कुत्रं मग ते चाटतं. परतल्यावर बोटांच्या मधूनसुद्धा कोमट पाण्यानं पंजे धुवावेत. फुटपाथवर पडलेली कोंबडीची हाडं तर बारा महिने. शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि घशात अडकतं.

शी उचलण्याचा कायदा १९७८ पासून आहे, दंड २५० डॉलर. पिशव्या दोन नव्हे, चार ठेवाव्यात. सबवेनं यायचं तर कुत्रं पिशवीत किंवा पेटीतच हवं, म्हणून भलीमोठी कुत्रीसुद्धा खांद्यावरच्या झोळीतून डोकं काढून प्रवास करताना दिसतात.

लीश लावल्यावर दक्षिणेला ईस्ट ड्राइव्हजवळ, ६७व्या रस्त्याच्या पातळीवर बाल्टोचा पुतळा आहे. १९२५च्या फेब्रुवारीत अलास्कातल्या नोमला घटसर्पावरचं सीरम पोचवणाऱ्या, बर्फगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या शेवटच्या संघाचा हा म्होरक्या कुत्रा. त्याच डिसेंबरात पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा बाल्टो स्वतः हजर होता. मुलं बसून बसून ब्राँझची पाठ सोन्यासारखी चकाकते आहे. नऊनंतर त्याच्यासमोरून जाणारं प्रत्येक कुत्रं खडकाचा पाया हुंगतं. तिथे दोन मिनिटं लीश सैल सोडावी.