स्तोत्र 102 आणि आमच्या बाई

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हणून ग्रुपवर मेसेज आला, बाकीच्यांनी गॅदरिंग, कबड्डी, सहल सगळं लिहून टाकलं असणारच, म्हणून मी आपलं बायबलच्या तासाबद्दल लिहितो.

आमच्या वर्गात बऱ्याच पोरांचे वडील मिलमध्ये नाहीतर यंत्रमागावर. सोलापुरात पहिली मिल 1877 ला निघाली, आणि आम्ही शाळेत होतो तेव्हा राहिलेल्या एकेक बंद पडत होत्या. भोंगा थांबला की घराचं टाइमटेबलच कोलमडायचं, पगार थकला, फी थकली, कुणी भिवंडीला गेलं कुणी पुण्याला. नेमकं तेव्हाच बाईंनी बायबलमधलं स्तोत्र 102 घेतलं. आकाश नि पृथ्वीसुद्धा कापडासारखी जुनी होतील, पण देवा तू तसाच राहशील, असं त्यात आहे. बाईंनी पदराचं विरलेलं टोक खिडकीच्या उजेडात धरलं, म्हणाल्या, "बघा रे, आरपार दिसतंय." कापड विरणं म्हणजे काय ते सोलापूरच्या पोरांना काय वेगळं सांगायचं!

हल्ली सांत्वनाच्या सभेत या स्तोत्राचा शेवटच वाचतात. सुरुवातीला स्तोत्रातला माणूस चक्क गाऱ्हाणं घालतोय, भाकरीसारखी राख खाल्ली, पिण्यात आसवं मिसळली म्हणतोय. बाई ते गाळू द्यायच्या नाहीत.

बायबलमध्ये योना नावाच्या संदेष्ट्याला देव निनवे शहराला नाशाचा इशारा द्यायला पाठवतो, लोक पश्चात्ताप करतात आणि शहर वाचतं. त्यावरून एकदा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "बाई, देव बदलत नाही तर मग निनवेचा नाश करणार म्हणून केला का नाही?" आम्हाला वाटलं, आता बाई अडकल्या. तर म्हणाल्या, "अरे, बदलली ती निनवेची माणसं. देव दयाळू होताच, योनाला ते आधीपासून ठाऊक होतं, म्हणून तर पठ्ठ्या निनवेला जायचं सोडून तार्शीशच्या जहाजात बसून पळाला." मग बायबलच्या मलाखी पुस्तकातलं 3:6 हे वचन काढायला लावलं. मी बदलत नाही म्हणून तुम्ही नष्ट झाला नाहीत, असं देव तिथं याकोबाच्या वंशाला, म्हणजे इस्राएल लोकांना सांगतो, आणि ती माणसं काही फार गुणी नव्हती बरं का.

वडिलांची मिल परत चालू झालीच नाही. ते रात्री वॉचमनच्या ड्यूटीला निघायचे तेव्हा बायबलच्या इब्री पत्रातलं 13:8 पुटपुटायचे, येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग सारखाच आहे. मला राग यायचा, तो सारखाच तर आपलंच का असं झालं? पुढं कधीतरी तो अध्याय वरपासून वाचला तर तीनच वचनं आधी पैशाचा विषय निघालाय, आहे त्यात समाधान माना, कारण मी तुला सोडून जाणार नाही असं देवानं म्हटलंय. वडिलांना ते बहुतेक आधीच माहीत होतं.