चित्रपटगृहातले बदलते वय

ब्रिटनमध्ये १९४६ साली चित्रपटगृहांची सुमारे १६३ कोटी तिकिटे खपली होती. १९८४ साली हा आकडा जेमतेम साडेपाच कोटींच्या आसपास आला. ही घसरण सर्व वयोगटांत सारखी नव्हती, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. दूरचित्रवाणी आल्यावर लहान मुलांचे पालक आणि वयस्क प्रेक्षक घरीच थांबू लागले, तर मित्रमैत्रिणींसोबत घराबाहेर बसण्यासाठी हक्काची जागा हवी असलेले तरुण येत राहिले आणि पुढे चित्रपटही मुख्यतः त्यांच्याचसाठी बनू लागले. मल्टिप्लेक्समुळे गर्दी परतली. कोविडनंतर मात्र पुन्हा तरुणच आधी आले, ज्येष्ठ मागे राहिले. ज्येष्ठांची आवड आटली, हे मला पटत नाही. त्यांच्यासाठी पडद्यावर फारसे काही लागतच नाही.