लहान कुत्र्याचा स्वेटर घेताना आधी पोटाकडे बघा

लहान कुत्र्यांसाठी मिळणारे बरेचसे थंडीचे कपडे पाठीवर छान दिसतात, आणि पोटाखाली मात्र एक पट्टी सोडली तर काहीच नसतं. चिहुआहुआ, डॅशहुंड, मिनिएचर पिन्शर यांची छाती-पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर असतं. तिथले केस विरळ, काखेत आणि जांघेत तर जवळजवळ नसतातच. गार फरशीवर बसलं की अंगातली ऊब तिथूनच जाते. म्हणून कपडा हातात घेतला की पहिल्यांदा उलटा करून पोटाची बाजू पाहायची. छातीपासून शेवटच्या बरगडीपर्यंत कापड सलग असेल तरच पुढचा विचार करायचा.

मुळात कपडा लागतो कुणाला? शरीर जितकं लहान, तितकी वजनाच्या मानाने कातडी जास्त, आणि उष्णता बाहेर पडते ती कातडीतून. त्यामुळे 2-3 किलोचं आखूड केसांचं कुत्रं 30 किलोच्या कुत्र्याच्या कितीतरी आधी गारठतं. पिल्लं, म्हातारी, हडकुळी, थायरॉइड कमी असलेली आणि नुकतेच केस कापलेली कुत्री यांनाही गरज असते. पॉमेरेनियन किंवा स्पिट्झला लांब केसांखाली मऊ, दाट केसांचा दुसरा थर असतो आणि त्यात अडकलेली हवा त्याला उबदार ठेवते. धडधाकट पॉमेरेनियनला घट्ट स्वेटर घातला तर केस चेपतात आणि काखेत जटा होतात. हौस म्हणूनसुद्धा घालू नये असं माझं ठाम मत आहे.

थंडी वाजत असल्याची चिन्हं ओळखू येतात: थरथर, कमानीसारखी वाकलेली पाठ, पोटाखाली ओढलेली शेपूट, चालताना एकेक पाय उचलून धरणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. थरथर थांबली, पण कुत्रं सुस्त पडलं आणि हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. तेव्हा स्वेटर शोधत बसू नका, कोरड्या पांघरुणात गुंडाळून लगेच डॉक्टरकडे न्या.

मापं तीनच, पण तिन्ही कुत्रं उभं असताना घ्यायची. गळा म्हणजे पट्टा बसतो ती जागा. छाती म्हणजे पुढच्या पायांच्या लगेच मागचा सगळ्यात रुंद घेर. पाठ म्हणजे मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंतचं अंतर. शिंप्याचा टेप नसेल तर दोरी लावून ती पट्टीवर मोजली तरी चालते. लेबलवरचं ‘स्मॉल’, ‘मीडियम’ किंवा जातीचं नाव बाजूला ठेवा. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांच्या छातीत सहज 5-6 सेंमीचा फरक असतो. दोन साइझमध्ये अडकलात तर छातीला मोठा पडणारा घ्यायचा. लांबी नंतर कमी करता येते, छाती वाढवता येत नाही. ताणल्या न जाणाऱ्या कापडात छातीच्या मापावर 3-4 सेंमी सैल हवं. म्हणजे छाती 36 सेंमी असेल तर कपड्याचा घेर 39-40. विणलेला स्वेटर ताणला जातो, त्याला तेवढी सूट लागत नाही.

पाठीकडचं कापड शेपटीच्या 2-3 सेंमी आधी संपावं. नर कुत्र्यासाठी पोटाचा भाग लघवीच्या जागेच्या 4-5 सेंमी आधी तिरका कापलेला हवा. हे पाहिलं नाही तर पहिल्याच फेरीत कापड भिजतं आणि ओलं कापड पोटाला चिकटून राहतं. त्याने थंडी तर वाजतेच, शिवाय दोन दिवसांत लाल पुरळ उठतं.

कापडात माझी पहिली पसंती मध्यम जाडीच्या फ्लीसला, म्हणजे पॉलिएस्टरच्या मऊ, लवदार कापडाला. हलकं असतं, टोचत नाही, पाणी फारसं धरत नाही आणि लवकर वाळतं. लोकर उबदार, पण अस्तर नसेल तर नाजूक कातडीला खाजवते आणि गरम पाण्यात आटते. सुती हुडी घरात ठीक. बाहेर दव किंवा पाऊस लागला की ती पाणी पिऊन बसते आणि उलट अंग गार करते. पावसाळी थंडीत बाहेरून पाणी न धरणारं कापड आणि आतून फ्लीस, हीच जोडी घ्यावी. विणलेला स्वेटर आतून बाहेर करून बघा. नक्षीसाठी आतून लांब मोकळे धागे सोडलेले असतील तर नख त्यातच अडकणार. बटणं, घुंगरं, गोंडे हाताने जोरात ओढून पाहा, आणि निघण्यासारखे वाटले तर घरी आणल्यावर कापून टाका, कारण ते गिळले जातात. चेन असेल तर तिच्या आत कापडाची पट्टी हवी, नाहीतर केस अडकतात. टोपीचा मला काहीच उपयोग दिसत नाही: कान दबतात, बाजूचं दिसत नाही.

विकतचा कपडा फसतो तो बहुतेक वेळा पायांच्या भोकांमुळे. कुत्र्याचे पुढचे पाय छातीच्या खाली असतात, आपल्या हातांसारखे बाजूला नसतात. भोकं बाजूला पाडलेली असली की चालताना कापड पुढे सरकतं, गळा घशावर चढतो आणि काखेत घासून कातडी सोलवटते. घातल्यावर चालवा, बसवा, एक पायरी चढवा, मग काखेत बोट घालून पाहा. गळ्यात दोन बोटं आरामात जायला हवीत.

जुन्या स्वेटरच्या बाहीतून 2-3 किलोच्या कुत्र्यासाठी उत्तम कपडा होतो. मनगटाकडची बाजू गळ्याला येते. बाहीची शिवण पाठीवर ठेवा, म्हणजे पोटाला घासणार नाही. बाही कुत्र्यावर धरून पायांच्या जागा खडूने आखा: या वजनात गळ्यापासून साधारण 7-9 सेंमी खाली, आणि दोन भोकांमध्ये छातीच्या रुंदीइतकं म्हणजे 5-6 सेंमी अंतर. आधी खुणेभोवती मशीनवर नागमोडी टीप मारा आणि मगच आत कापा. उलट केलंत तर वीण उसवत जाते. भोक पहिल्यांदा 3 सेंमीचंच ठेवा, वीण ताणून मोठी होते. खालची कड कापण्याआधीही तशीच टीप मारा आणि मग 1 सेंमी दुमडून शिवा.

पहिल्या दिवशी कपडा नुसता बिछान्यावर ठेवून हुंगू द्या. मग खाऊ देत 5 मिनिटं घाला आणि रोज वेळ वाढवा. कुत्रं पुतळ्यासारखं उभं राहिलं तर ते शहाण्यासारखं वागत नसतं, घाबरलेलं असतं. घरात ऊब असेल तर काढून ठेवा, आणि झोपताना किंवा कुणी लक्ष ठेवायला नसताना तर नक्कीच. ते धापा टाकू लागलं तर कपडा लगेच उतरवा. पग आणि इतर चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत जास्त सावध राहा, त्यांना उकाडा पटकन बाधतो. धुताना बिनवासाची सौम्य पावडर वापरा, फॅब्रिक सॉफ्टनर नको, कारण कुत्रं कापड चाटतं.

मांजरांना कपडे सहसा नकोच. अंगावर काही आलं की ती आडवी पडतात किंवा मागे मागे सरकतात. त्यांना जमिनीपासून थोडा उंच, तीन बाजूंनी बंद असा खोका आणि त्यात फ्लीसचं पांघरूण पुरतं. स्फिंक्ससारख्या बिनकेसाच्या मांजराला मऊ बनियन चालतं, पण तिच्या कातडीचं तेल कापडात उतरतं, म्हणून ते एक-दोन दिवसांत धुवावं लागतं.

ससा, गिनीपिग, हॅमस्टर यांना कपडा घालूच नका. ससा कापड कुरतडून गिळतो आणि त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे धागे आतड्यात अडकले की जिवावर बेततं. त्याला भरपूर सुकं गवत द्या. गिनीपिगचा पिंजरा 18 ते 24 अंशांच्या खोलीत, वाऱ्याच्या झोताबाहेर ठेवा. हॅमस्टरला घरट्यासाठी कापूस देऊ नका, त्याचे तंतू पायाला आवळतात. बिनवासाच्या साध्या टिश्यूच्या पट्ट्या द्या. आणि कडाक्याच्या थंडीत हॅमस्टर गार, निपचित सापडला तर मेला समजून टाकू नका. थंडीने तो गाढ सुप्तावस्थेत जाऊ शकतो. श्वास अगदी मंद असतो, म्हणून काही मिनिटं निरखून पाहा, ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टरला फोन करा.