नोकरच का?

शाळेनं काय दिलं, असं स्मरणिकेच्या संपादकांनी विचारलंय. गणित फारसं दिलं नाही, हे माझे वर्गमित्र सांगतीलच. पण नववीत इंग्रजीच्या बाईंनी संशय घ्यायला शिकवलं. ऑफ तासाला बाई इंग्रजी रहस्यकथा मराठीत सांगायच्या आणि ऐन रंगात थांबून विचारायच्या, "संशय कोणावर?" आम्ही एका सुरात ओरडायचो, "नोकरावर!"

"नोकरच का? अख्ख्या गोष्टीत त्याला एक तरी वाक्य बोलू दिलंय का?"

पुढे नोकरीसाठी लंडनला आलो आणि जुन्या ब्रिटिश गुन्हेपटांचा नाद लागला. त्यातला 'सफायर' (1959) अजून डोक्यातून जात नाही. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या माळरानावर सफायर नावाच्या तरुणीचं प्रेत सापडतं. संगीताची विद्यार्थिनी, गोरीपान, लग्न ठरलेली. मग बर्मिंगहॅमहून तिचा डॉक्टर भाऊ येतो आणि तो काळा असतो! तिथून तपासाचा नूरच पालटतो. सकाळपर्यंत 'बिचारी' असलेली सफायर कुठे नाचायला जायची, कोणाबरोबर, याच्या चौकश्या सुरू होतात. घाबरून पळणाऱ्या एका काळ्या तरुणामागे पोलीस लागतात. खुनी निघतो तो सभ्य गोऱ्या घरात.

लंडनमधल्या नॉटिंग हिलच्या 1958 च्या वंशद्वेषी दंगलीनंतर लगेच हा विषय घ्यायला दिग्दर्शक बेसिल डिअर्डन आणि लेखिका जॅनेट ग्रीन यांना हिंमत लागली असणार. समलैंगिकता गुन्हा होती तेव्हा, 1961 मध्ये, 'व्हिक्टिम'ही याच दोघांनी केला. तरी 'सफायर'मधली एक जागा मला खटकतेच. क्लबात बोंगो वाजले की गोऱ्या दिसणाऱ्या मुलीचे पाय थिरकतात आणि त्यावरून म्हणे तिची 'जात' कळते. पूर्वग्रहाविरुद्ध काढलेल्या चित्रपटात हे!

भावाचं काम बर्म्युडाच्या अर्ल कॅमेरॉननं केलंय. 'पूल ऑफ लंडन' (1951) मध्येही तो होता; 2020 मध्ये, 102 वर्षांचा होऊन गेला. 'सफायर'मध्ये त्याला बरीच वाक्यं आहेत, आणि संयमानं बोललेली. पण बाईंच्या कानानं ऐकलं तर तो बहुतेक वेळा उत्तरंच देतो. प्रश्न विचारायचा मान गोऱ्या सुपरिंटेंडंटचा.

पडद्यावरचा खुनी दीड तासात सापडतो. पडद्याबाहेर, 1959 च्याच मे महिन्यात, लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टनमध्ये अँटिग्वाहून आलेल्या केल्सो कॉक्रेन या सुताराला गोऱ्या तरुणांच्या टोळक्यानं भोसकलं. त्या खुनासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही.